दोन दांड्या

बस मिरजेच्या एका बंद पडलेल्या शाळेची.
पिवळ्यावर आम्ही निळा मारला, दोन हात,
तरी कडक उन्हात "द्या मंदिर" एवढं
अजून वर येतंच.
आत पलंग, शेगडी, चार बॅटऱ्या,
दोन कंपन्यांची दोन सिमं,
आणि छपरावर यशोधनचा अँटेना.
नाक्यानाक्यावर लोक विचारतात,
काय हो, मासे पकडता का याने?

एक सिम किनाऱ्यावर चालतं, एक हायवेवर.
खोल्यात दोन्ही गप्प.
मडगावला चार दांड्या होत्या,
असोळण्याला तीन,
बेतूलच्या चढावर एक,
मग वळण, मग काजूची झाडं,
मग फोन म्हणजे नुसतं घड्याळ.

आकाशातून येणार आहे म्हणतात,
थेट, टॉवरबिवर काही नाही.
यशोधनने त्या तबकडीचं सगळं काढून ठेवलंय:
किती वॅट खाते, किती आकाश मोकळं लागतं,
फणसाची फांदी आडवी आली तर काय.
आपल्याला कधी मिळणार, तेवढं त्याच्या वहीत कोरं आहे.
तोवर बांबू.

बांबू कोंसेसांवबायकडे मिळाला.
अंगणभर मिरच्या वाळत घातलेल्या,
त्यांच्यातून वाट काढत ती आली,
अँटेना बघितला, आम्हाला बघितलं,
म्हणाली, "हांगा मेळचें ना. सड्यार वचात."
आणि स्वतःच पुढे चालू लागली, चपला हातात घेऊन.

सड्यावर एक खडप आहे.
बसून बसून एका बाजूला गुळगुळीत झालेलं.
वीस पावलं अलीकडे काही नाही,
वीस पावलं पलीकडे समुद्रच.
खडपावर दोन दांड्या.
कुठल्या टॉवरच्या, यशोधनला शेवटपर्यंत कळलं नाही.
"कारवारचो आसतलो," ती म्हणाली,
जसा कारवारचा एखादा पाहुणाच.

मी लगेच लॅपटॉप उघडला.
परदेशातल्या दवाखान्यांची बिलं तपासते मी,
त्यांना रविवार नसतो.
फाइल चढू लागली, मुंगीसारखी:
एकतीस टक्के, बत्तीस,
एकसष्टला होती तेव्हा चार वाजले
आणि कोंसेसांवबायचा फोन वाजला.

सिल्वेरियो. जहाजाच्या लाँड्रीत असतो.
जिथे होता तिथून चारी बाजूंना पाणी,
पण डेकवर एक पांढरा घुमट आहे म्हणे,
तो उपग्रहाशी बोलतो,
उपग्रह कुठल्याशा जमिनीशी,
आणि एवढं सगळं फिरून पोरगा
या दगडावर येऊन अडकला,
तोंड उघडं, गालाचे चौकोन.
"ममा, म्हाका रेंज फुल्ल आसा. तूंच फुटता!"

ती काही बोलली नाही.
नखाने काचेवरून काहीतरी बाजूला सारत राहिली,
त्याच्या कपाळावरचे केस असावेत तसं.

दोन दांड्या, आणि ओढणारे दोघे.
मी फाइल थांबवली.

चौकोन विरघळले. चेहरा आला.
तिने डोळे बारीक केले, फोन जवळ घेतला,
आणि ओरडली:
"मिशयो खंय गेल्यो?"

पुढची अकरा मिनिटं मिशीवर गेली.
थोडी मिरचीच्या दरावर,
थोडी शेजारणीच्या डुकरावर,
मग जहाजावरची मिनिटं संपली आणि
त्याच्या "बरें गो" मधला "गो" तिकडेच राहिला.

मी पुन्हा बटण दाबलं.
शून्य टक्के.

रात्री यशोधन वहीत नोंद करत होता:
खोला, सड्यावरचं खडप, दोन दांड्या, अपलोड बरा.
मी पेन घेऊन खाली लिहिलं,
रविवारी चार ते साडेचार वापरू नये.
त्याने विचारलं, का, नेटवर्क जाम असतं?
हो म्हटलं.

बांबू परत द्यायचा राहिला.
पोळे चेकनाक्यावर पोलिसाने छपराकडे बघितलं,
मग आमच्याकडे.
म्हटलं, हो. मासे.